सात सर आणि एक आक्का

सरांचं नाव मी इथं लिहीत नाही. लपवायचं म्हणून नव्हे, कुठलं लिहू हा प्रश्न पडतो म्हणून. सरांना सात नावं होती आणि सातही खरी होती.

सीमाभागातल्या माणसाला यात नवल वाटायचं नाही. आमच्याकडं कानडी शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव पुढं येतं, मराठी शाळेच्या दाखल्यावर मागं जातं. एका कागदावर गाव हेच आडनाव असतं, दुसऱ्यावर खरं आडनाव असतं, तिसऱ्यावर दोन्ही असतात आणि माणसाचं नावच राहून गेलेलं असतं. नावाला 'आप्पा' कोण जोडतं आणि कोण काढून नेतं, याचा तपास आजवर कुणाला लागलेला नाही. बेळगावात अनगोळला आमच्या घराच्या उताऱ्यावर माझे एकुलते एक आजोबा दोन सख्खे भाऊ म्हणून लागलेत. त्या दोघांत वाटणीवरून तंटा झाला नाही, एवढंच आमचं नशीब.

पण सरांनी या गोंधळात स्वतःची भर घातली होती. शोधनिबंध पाठवताना त्या दिवशी जे नाव सुचेल ते ते घालत. स्पेलिंग तर हवामानावर होतं. त्यात मधल्या काळात आमच्या बेळगाव जिल्ह्याचं नावही इंग्रजीत बदललं, म्हणजे पत्ते पण दोन झाले. मी एकदा म्हटलं, "सर, एकच नाव लावा की कायमचं."

सर म्हणाले, "हे बघ रं लायब्ररी, नाव पानाच्या वर असतं. मावा पानाच्या खाली असतो. आपण खाली बघायचं."

मी तेव्हा निपाणीच्या बाजूच्या एका कॉलेजात ग्रंथपालाचा सहायक होतो, म्हणून सर मला 'लायब्ररी' म्हणत. बेळगावहून रोज गाडीनं जायचो-यायचो. सर प्राणिशास्त्र शिकवायचे आणि माव्यावर संशोधन करायचे. आता निपाणीत 'माव्यावर संशोधन चाललंय' म्हटलं की लोक समजुतीनं पानटपरीकडं बोट दाखवतात. तो मावा नव्हे. हा मिरचीच्या पानाला पाठीमागून चिकटून रस पिणारा, मोहरीपेक्षा बारीक, हिरवट किडा. सर तो काड्यापेटीत घालून हिंडायचे. एकदा बेळगावला येताना गाडीत ती पेटी उघडली. कंडक्टरनं सांगितलेली हकिकत आहे, मी उलट थोडी कमी करून सांगतो: संकेश्वर येईपर्यंत पुढच्या चार सीटा हिरव्या झाल्या होत्या, आणि यमकनमर्डीला सगळी गाडी खाली उतरून उभी होती, कारण सर आत एकटे मोजत बसले होते. "कुणी हलू नका, चारशेपर्यंत आलोय," असं खिडकीतून ओरडत होते म्हणे.

उंचीला बेताचे, पण मान कायमची वाकडी. जन्मभर पानांकडं खालून बघितल्यानं माणसाकडंही ते हनुवटीच्या खालून बघायचे. नवीन आलेल्या प्राध्यापकाला वाटायचं, आपल्या शर्टाचं बटण तुटलंय. पहिले आठ दिवस तो बिचारा छातीवर हात ठेवूनच फिरायचा.

त्यांचं एक वाक्य होतं, ते त्यांच्या सातही नावांपेक्षा प्रसिद्ध होतं. "कोण म्हणतं?" शिपायानं येऊन सांगितलं, चहा संपला, की सर विचारणार, "कोण म्हणतं?" पोरांनी पुस्तकातलं काही म्हणून दाखवलं, की "कोण म्हणतं?" यात भांडण नसायचं बरं का. त्यांना खरंच नाव हवं असायचं. कुठलीही गोष्ट जगात कुणीतरी पहिल्यांदा म्हटलेली असते आणि त्याला धरून ठेवल्याशिवाय ती गोष्ट पुढं नेऊ नये, असा त्यांचा धर्म होता. माझ्या लग्नात भटजी म्हणाले, मुहूर्त टळतोय. सर पहिल्या रांगेतून उठले, "कोण म्हणतं?" भटजींनी पंचांग काढलं, सरांनी पंचांगकर्त्याचं नाव विचारलं, पंचांगकर्त्यानं कुठून घेतलं ते विचारलं. आमचं लग्न पाऊण तास उशिरा लागलं आणि मला वाटतं म्हणूनच टिकलंय. घरी बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, मात्र त्यांना पुरून उरायच्या. "भाजीत मीठ जास्त नाहीय," असं त्या म्हणायच्या. सर विचारायचे, "कोण म्हणतं?" बाई म्हणायच्या, "मी म्हणते." सर मुकाट्यानं जेवायचे.

हाच नियम ते स्वतःलाही लावत. जगात कुठंही कुणी आपल्या निबंधात सरांचा संदर्भ दिला, की त्या माणसाला सरांचं पत्र जायचं. इतर प्राध्यापक असं सायटेशन मिळालं की स्टाफरूममध्ये सांगत सुटतात. सर लिहायचे, "आपण माझ्या निबंधातलं अमुक वाक्य वापरलंत, आभारी आहे. ते चूक होतं. मी आता तसं म्हणत नाही. कृपया पुन्हा वापरू नये." अशानं माणसाची कीर्ती वाढते कशी, सांगा.

एकदा तर एका मासिकाच्या संपादकानं त्यांच्यावर चोरीचा आळ घेतला. लेख ताडून बघणाऱ्या यंत्रानं सांगितलं होतं की या लेखातली तीन पानं त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका विद्वानाच्या लेखातून उचलली आहेत. तो दुसरा विद्वान म्हणजे सरच, वेगळ्या स्पेलिंगमधले. आम्ही घाबरलो. सरांनी उत्तर पाठवलं, "त्या गृहस्थांना मी चांगला ओळखतो. त्यांची हरकत नाही."

आता आक्का.

कॉलेजपासून दोन कोसांवर आक्काचं दीड एकर मिरचीचं रान. शिक्षण चौथी. काळीसावळी, ठसठशीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की एका बांधावरून बोलली तर तीन बांधांवरची गडीमाणसं कामाला लागायची. सर तिच्या रानात पहिल्यांदा गेले तेव्हा मिरचीच्या पानाखाली डोकं घालून उताणे झोपले होते. आक्काला वाटलं, माणसाला झटका आलाय. तिनं कांदा फोडून नाकाला लावला. तिथून ओळख.

ती म्हणाली, "मास्तर, मावा हुडकताय व्हय? आज न्हाय घावायचा. परवा या. आजच्याला मुंग्या चढाय लागल्यात."

सर कांद्याच्या वासातून भानावर येत म्हणाले, "कोण म्हणतं?"

"म्या म्हंती. आन् दुसरं कोन हाय हितं?"

सर परवा गेले. मावा आला होता. मग आक्कानं दाखवलं: बुडाला राखेचं कडं केलं की मुंगी वर चढत न्हाय, मुंगी न्हाय म्हटल्यावर माव्याला राखणदार न्हाय, आणि राखणदार न्हाय म्हटल्यावर ढालकिडे येऊन मावा खाऊन टाकतात. औषध फवारायचं कारणच नाही. सरांनी हे दोन वर्षं मोजलं, तोललं, तक्ते केले. सगळं आक्का म्हणाली तसंच निघालं. फक्त एका गोष्टीवर दोघांचं पटेना. सर म्हणत, मावा आधी येतो, डोळ्याला दिसत नाही इतका थोडा, आणि त्याचा गोड चिकटा खायला मुंगी मागून चढते. आक्का म्हणे, मुंगीच त्याला तोंडात धरून आणून सोडते.

"मावा आधी, आक्का."

"तुमी बघिटलं?"

"तू बघितलंस?"

"म्या रानात ऱ्हाती. तुमी कॉलेजात ऱ्हाता."

निबंध लिहायची वेळ आली तेव्हा सरांनी आक्काचं नाव लेखिका म्हणून घातलं. दोन लेखक, बरोबरीचे. नाव विचारलं तर ती म्हणाली, "आक्का." खरं नाव विचारायला सर तिच्या मालकांकडं गेले. मालक डोक्यावरचा पटका काढून विचारात पडले. म्हणाले, "घरात समदी आक्काच म्हंत्यात. मी बी म्हंतो." झालं. निबंधावर छापून आलं, 'आक्का'. आडनाव विचारणारं संपादकाचं पत्र आलं, त्याला सरांनी कळवलं, "एवढंच."

आणि निबंधाच्या शेवटी सरांनी एक तळटीप घातली. 'मावा आधी येतो असे पहिल्या लेखकाचे मत आहे. दुसऱ्या लेखिकेला हे मान्य नाही. तिच्या मते मुंगीच मावा आणून सोडते.' पुढं जेवढे निबंध दोघांनी मिळून लिहिले, त्या प्रत्येकाखाली ही टीप होतीच.

तुम्हाला गंमत सांगतो. जगानं सरांचा निबंध वाचला की नाही माहीत नाही, पण ती तळटीप वाचली. कुणी लिहिलं, आक्का म्हणते ते तपासायला हवं. कुणी लिहिलं, आक्काशी आम्ही सहमत आहोत. समुद्रापलीकडच्या एका पोरानं तर आक्काच्या विरोधात अख्खा प्रबंध केला. इकडं आक्का मिरच्या वाळत घालत होती.

हे सगळं असंच गोडीत चाललं असतं, पण वरून नियम आला. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला मार्गदर्शन करायचं तर प्राध्यापकाचा एच-इंडेक्स किमान दहा पाहिजे. हा एच-इंडेक्स म्हणजे काय ते मी तेव्हा प्रिन्सिपॉलसाहेबांना समजावलं तसंच सांगतो: तुमचे दहा निबंध असे हवेत, की त्यातल्या प्रत्येकाचा निदान दहा जणांनी आपल्या लिखाणात दाखला दिलाय. मग तुमचा आकडा दहा. एकाच निबंधाला हजार जणांनी डोक्यावर घेतलं तरी आकडा एकच.

आणि त्याच महिन्यात भाग्यश्री आली. बेळगावातल्या वडगावची पोर. घरात चार यंत्रमाग, दिवसभर खडखडाट, त्यामुळं बोलायची मोठ्यानं आणि ऐकायची समोरच्याच्या ओठांकडं बघून. जवळच्या मच्छे गावात एका कारखान्याच्या लॅबमध्ये होती. तिला संशोधनाची शिष्यवृत्ती लागली होती. पत्रात अट होती की महिनाअखेरीला मान्यता असलेल्या मार्गदर्शकाकडं नाव नोंदलं पाहिजे, नाहीतर शिष्यवृत्ती रद्द. पोरगी एवढी खुळी, की पत्र आल्या दिवशीच नोकरी सोडून मोकळी झाली.

सरांनी तिला हनुवटीखालून बघितलं. "माझ्याकडंच का आलीस? बेळगावात मोठमोठी माणसं पडलीत."

ती म्हणाली, "सर, मी लई पेपर वाचले. सगळ्यांचं सगळं बरोबरच असतंय. 'दुसऱ्या लेखिकेला मान्य नाही' असं तुमच्याच पेपरात सापडलं."

सरांनी तिला तिथल्या तिथं विद्यार्थिनी म्हणून घेतलं. आकडा काढायचं काम माझ्याकडं आलं. मी संगणकावर सरांचं नाव घातलं. आकडा आला तीन. दुसरं स्पेलिंग घातलं, दोन. तिसरं घातलं, एक. सात नावांची सात माणसं निघाली आणि एकाचाही आकडा तीनच्या वर नव्हता. आणि त्यांच्या सोबतीला एक नाव सगळीकडं होतं, एकाच स्पेलिंगचं, न हललेलं. मी ते घातलं. आकडा अकरा.

आमच्या कॉलेजात, खरं सांगायचं तर निपाणीपासून चिक्कोडीपर्यंतच्या सगळ्या कॉलेजांत, त्या दिवशी सर्वांत मोठी विद्वान म्हणजे आक्का होती. प्रिन्सिपॉलसाहेबांचा स्वतःचा आकडा मी विचारला नाही. माणसानं नोकरी सांभाळावी.

संगणक एक चित्रही काढतो, कोण कोणाबरोबर काम करतं त्याचं. ठिपके आणि रेघा. मी ते छापून सरांना दाखवलं. मधोमध एक भला मोठा ठिपका, आक्का. आणि भोवती सात बारके ठिपके, सात वेगवेगळे पुरुष, सगळ्यांच्या रेघा तिच्याकडं. सरांनी बोट ठेवून ठिपके मोजले. मग म्हणाले, "हे तेवढं तिच्या मालकांना दाखवू नकोस."

सात जण एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र करायला आम्ही नोटरीकडं गेलो. त्यानं सात नावांची यादी वाचली, चष्मा वर केला आणि विचारलं, "वारसाचं प्रकरण दिसतंय. यातले मयत किती?" सर म्हणाले, "अजून एकही नाही." सात शिक्के पडले. सातांचा एक झाला आणि आकडा आला अकरा. सगळे सर मिळून शेवटी आक्काच्या बरोबरीला आले.

वाटलं, सुटलो. कुठलं! मान्यता समितीचं पत्र आलं. 'अर्जदाराच्या महत्त्वाच्या सर्व निबंधांत आक्का या नावाची सहलेखिका आढळते. नावावरून ती अर्जदाराची थोरली बहीण असल्याचे दिसते. तिच्या पदवीची नोंद मिळत नाही. खुलासा करावा.' समितीतले सगळे कानडी मुलखातले, आणि आक्का म्हणजे थोरली बहीण हे कानडीतही तसंच. सरांनी घरातली माणसं निबंधात घुसडली, असा संशय. समिती येणार होती महिनाअखेरीच्या आदल्या दिवशी.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी सरांना बोलावलं. टेबलावर एक टाईप केलेला कागद होता. "सर, एक सही करा. 'सदर महिलेने फक्त शेतावर मजुरीचे साहाय्य केले, तिचे नाव अनवधानाने पडले.' एवढंच. मी अध्यक्षांशी बोललोय. उद्या मान्यता."

"अकरा वेळा अनवधानानं?"

"सर, भाग्यश्रीचं बघा."

भाग्यश्री दारातच उभी होती. तिनं ओठ वाचले होते सगळे. बाहेर व्हरांड्यात ती सरांना म्हणाली, आणि तिचा तो यंत्रमागाचा आवाज सगळ्या कॉलेजानं ऐकला, "सर, सही करा की! आक्कांना काय फरक पडतोय? त्यांना म्हाईत तरी हाय का हे? माझी नोकरी पण गेलीया, आता हे पण जातंय!"

सरांनी 'कोण म्हणतं' विचारलं नाही. मग म्हणाले, "चल. तिचं नाव आहे. तिलाच विचारू. ती हो म्हणाली तर परत येऊन सही करतो."

तिघं आक्काच्या रानात गेलो. ती मिरच्या तोडत होती. सरांनी सगळं सांगितलं. आक्कानं पदरानं घाम पुसला.

"एवढंच व्हय? काढा की नाव. माझं नाव काढलं म्हून मिरची गोड व्हनार हाय व्हय? पोरीचं भलं व्हतंय न्हवं, मग काढा."

भाग्यश्रीचा जीव भांड्यात पडला. सर खिशातला पेन चाचपायला लागले. आम्ही वळलो. चार पावलं गेलो असू, तेवढ्यात मागून हाक आली.

"ओ मास्तर! मंग ते मुंगीचं कसं?"

"कसलं?"

"मुंगी मावा आनती, आसं कोन म्हनलं म्हून लिव्हनार?"

सर थांबले. "नाव एकच उरलं, म्हणजे मीच म्हणालो असं होणार."

"तुमी?" आक्का टोपली टाकून बांधावर आली. "तुमी तर मावा आदी म्हंता! धा वरसं माझ्या डोस्क्याशी भांडलाय तुमी! आन् माझं म्हननं तुमच्या तोंडात? नाव न्हेवा, राशन कारड न्हेवा, पायजेल तर बांध न्हेवा. माझं भांडान न्हाय न्हेऊ द्यायची!" मग भाग्यश्रीकडं वळली. "कवा येनार हाईत ती मानसं? म्या येती. गप ऱ्हा. रडू नगंस."

ती रडत नव्हती हो. ती हसू दाबत होती, पण आक्काच्या पुढं ते सांगायची कुणाची छाती?

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला समिती बसली. अध्यक्ष धारवाडकडचे वयस्कर गृहस्थ, धोतर, कपाळावर भस्म. शेजारी एक तरुण सदस्य, सगळे नियम पाठ असलेला. कोपऱ्यात वृत्तांत टाईप करायला मी. बाहेर बाकावर भाग्यश्री. आक्का हिरवं इरकल नेसून आत आली आणि कुणी बसा म्हणायच्या आत बसली.

तरुण सदस्यानं ओळखपत्र मागितलं. तिनं कमरेच्या पिशवीतून आधार काढलं. त्यानं वाचलं आणि चेहरा खुलला. "यावर तर वेगळंच नाव आहे."

"ते राशनचं नाव हाय," आक्का म्हणाली. "ह्ये कामाचं."

"या निबंधात तुम्ही नक्की काय केलंत?"

"मास्तरांचं चुकलेलं सांगिटलं."

"सगळ्या निबंधांत?"

"सगळ्यांत चुकल्यात त्ये."

अध्यक्षांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते तोवर नुसतं ऐकत होते. आता पुढं वाकले आणि मराठी-कानडी मिसळून म्हणाले, "अक्कार, मला सांगा. मुंगीच मावा आणती, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

मग अर्धा तास काय झालं ते वृत्तांतात नाही, कारण माझे हात थांबले होते. आक्का मुंगी कशी चालते ते टेबलावर बोटांनी दाखवत होती. सर मधेच "कोण म्हणतं?" करून उठत होते. ती "बसा ओ" म्हणून त्यांना खाली बसवत होती. अध्यक्षांच्या घरी गदगला मिरचीच निघाली. ते राखेचं कडं किती बोटं जाड ठेवायचं ते विचारून कागदावर लिहून घेत होते. सरांचा आणि आक्काचा आवाज इतका चढला, की शिपाई दोनदा पाणी घेऊन आत आला आणि दोनदा तसाच परत गेला.

शेवटी तरुण सदस्यानं घसा खाकरला. "सर, नियमाप्रमाणं एक रकाना भरावा लागेल. सहलेखिकेचे अर्जदाराशी नाते. बहीण आहे का?"

"न्हाय," सर आणि आक्का एकदमच म्हणाले. आयुष्यात त्यांचं एकमत झालेलं मी तेवढंच ऐकलं.

"मग नातं काय लिहायचं? काहीतरी लिहिलंच पाहिजे, रकाना रिकामा ठेवता येत नाही."

आक्का म्हणाली, "लिव्हा, भांडनाचं."

तरुण सदस्यानं अध्यक्षांकडं बघितलं. अध्यक्षांनी होकाराची मान हलवली, "हौदरी. तसंच लिहा." मी टाईप केलं, 'नाते: वैज्ञानिक मतभेद.' अध्यक्षांनी खाली सही ठोकली. उठताना आक्काला हात जोडून त्यांनी कानडीत निरोप घेतला, "बरतेनरी, अक्कार." तेव्हा तो तरुण सदस्य हळूच पुटपुटला, "सर, आता तुमची पण बहीण झाली. वृत्तांतात घालू?"

सहीचा कागद हातात घेऊन मी बाहेर आलो, तेव्हा भाग्यश्रीनं माझ्या ओठांकडं बघितलं. मी नुसता कागद पुढं केला. तिनं तो घेतला आणि दुपारच्या गाडीनं जाऊन स्वतः विद्यापीठात नोंदवून आली. मुदतीला एक दिवस उरला होता.

पुढं मला बेळगावात एका वाचनालयात नोकरी लागली आणि निपाणीची गाडी सुटली. सर मात्र खडेबाजारात आले की माझ्याकडं डोकावायचे. गेल्या वर्षी असेच आले, हातात कुंद्याच्या मिठाईचा डबा, मान नेहमीपेक्षा वाकडी. भाग्यश्रीचा पहिला निबंध छापून आला होता. मी अभिनंदन केलं आणि निबंध उघडला. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, की या विषयावरचे यापूर्वीचे काम सदोष आहे. आणि संदर्भ सरांचा आणि आक्काचा. पोरीनं दोन हंगाम मोजून दाखवलं होतं, की मावा आधी की मुंगी आधी हा वादच फोल. पहिला मावा पंखवाला असतो, आणि तो शेजारच्या वांग्यावरून उडून येतो. सरांच्या अकरा निबंधांतला एकेक तक्ता घेऊन तिनं कुठं चुकलं ते बोट ठेवून दाखवलं होतं.

"सर, हिनं तर तुम्हाला पार आडवं केलंय."

"अकराच्या अकरा वाचलेत तिनं!" सर म्हणाले. "तक्त्यांसकट! घे, कुंदा घे. जगात आजवर कुणी तक्ते वाचले नव्हते रं!" वाचनालयातल्या अनोळखी लोकांनाही त्यांनी वाटला. एक जण म्हणाला, मला साखरेचा त्रास आहे. त्याला सरांनी काय विचारलं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

मग आम्ही निपाणीची गाडी धरली आणि आक्काच्या रानात गेलो. सरांनी बांधावर बसून तिला सगळा निबंध मराठीतून सांगितला. पंखवाला मावा, शेजारचं वांगं, सगळं. आक्का मिरचीचं देठ खुडत ऐकत होती. संपल्यावरही तिनं मान वर केली नाही, देठ खुडतच राहिली. मला वाटलं, दुखावली.

"वांग्यावरनं येतोय म्हंती व्हय?" तिनं विचारलं.

"हो."

"आन् वांग्यावर कुनी आनून सोडला?"

सर निबंधाची पानं पुन्हा चाळायला लागले.

"मुंगीनंच की वो मास्तर!" आक्का म्हणाली. "पोरीचं चुकलंय. ऐतवारी धाडून द्या तिला हिकडं. आन् म्हनावं, डबा आनू नगंस, जेवायला हितंच हाय."